रक्ताचा कलंक, रक्ताचा मान : 'स्वीप' मालेतील मॉर्गनची गोष्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या पिशवीतून दोन जाड इंग्रजी पुस्तके निघाली. आत एका सोळा वर्षांच्या चेटकिणीची गोष्ट. तिच्या अम्मीने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, ती पुस्तके एकदा हिसकावून कपाटात ठेवली होती. पोरीने निघताना ती हळूच काढून आणली. दोन दिवसांनी बहिणीचा फोन आला. "भाईजान, तुम्ही लिहिण्यावाचण्यातले. तुम्हीच बघा. जादूटोण्याचं काही असेल तर तिला परत देऊ नका." भाचीला विचारले तर ती म्हणाली, "मामू, इसमें जादू कमच है, घर की बातां जास्ती हैं."

दोघींपैकी कोण बरोबर हे ठरवायला मी वाचायला बसलो. पुढचे खंडही मागवून घेतले आणि सगळ्या पंधरा कादंबऱ्या संपवल्या. हा लेख म्हणजे बहिणीला द्यायचे उत्तर आहे. पण ते तिला एकटीला देऊन भागणार नाही असे वाटले. वाचताना जो प्रश्न समोर उभा राहिला तो आपल्या घराघरांतला आहे. माणूस जन्माने वाईट नसतो असे आपण म्हणतो, तर मग तो जन्माने थोर असतो असे आपण का मानतो?

आधी या मालेची ओळख करून देतो. 'स्वीप' या नावाने ती अमेरिकेत २००१ ते २००३ या काळात प्रसिद्ध झाली. इंग्लंडमध्ये तीच माला 'विक्का' या नावाने निघाली. लेखिका केट टियर्नन. हे टोपणनाव आहे. खरे नाव गॅब्रिएल शार्बोने, जन्म न्यू ऑर्लिन्सचा. पहिली कादंबरी 'बुक ऑफ शॅडोज', शेवटची 'नाइट्स चाइल्ड'. पुढे तीन-तीन कादंबऱ्या एकत्र बांधून खंड काढले गेले. भाचीच्या हाती लागले ते त्यांतलेच. तीन वर्षांत पंधरा पुस्तके हा वेग पाहिला की ही बाजाराच्या मागणीने लिहिली गेलेली माला आहे हे कळते. त्याआधीच्या पाचसहा वर्षांत अमेरिकेत चेटकीण हा विषय तरुण मुलींमध्ये फार खपत होता. १९९६ मध्ये 'द क्राफ्ट' हा चित्रपट आला, त्याच वर्षी 'सॅब्रिना' ही दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, १९९८ मध्ये 'चार्म्ड' आली. इंग्लंडमधून १९९७ साली निघालेला हॅरी पॉटरही तोवर घरोघरी पोहोचला होता.

आणि घरोघरी भीतीही पोहोचली होती. अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेकडे कोणत्या पुस्तकांविरुद्ध तक्रारी येतात याची यादी ठेवली जाते. २००० ते २००९ या दशकाच्या यादीत हॅरी पॉटर पहिल्या क्रमांकावर आहे. हे पुस्तक मुलांच्या हाती देऊ नका असे म्हणणारे बहुतेक पालक ख्रिस्ती होते. तेव्हा माझ्या बहिणीची भीती ही काही मुसलमान आईची खास भीती नाही. मुलगी आपल्याला माहीत नसलेल्या दारातून कुठे तरी निघून जाईल, ही सगळ्याच आयांची भीती आहे.

गंमत अशी की 'स्वीप' मालेची सुरुवातही याच भीतीपासून होते. मॉर्गन रोलँड्स ही न्यू यॉर्क राज्यातल्या विडोज व्हेल नावाच्या काल्पनिक गावातली मुलगी. घर कॅथलिक, धर्म पाळणारे. रविवारी चर्च चुकत नाही. धाकटी बहीण मेरी के. सगळ्यांची लाडकी. मॉर्गन अभ्यासात हुशार, दिसायला साधी. तिची जिवलग मैत्रीण ब्री मात्र देखणी. शाळेत कॅल ब्लेअर नावाचा एक सुंदर मुलगा नवा येतो, मुलामुलींना गावाबाहेरच्या शेतात जमवतो आणि विक्का पंथाचा एक विधी करतो. रिंगणात उभ्या राहिलेल्या मॉर्गनच्या अंगात काहीतरी जागे होते. ती पुस्तके आणते, वनस्पतींची माहिती जमवते. रॉबी या मित्राच्या चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी औषध करते. पुटकुळ्या तर जातातच, पण त्याची नजरही सुधारते आणि चष्मा सुटतो. हे आपण मागितले नव्हते, मग झाले कसे, या विचाराने ती घाबरते. पुस्तके आईच्या हाती लागतात आणि घरात वादळ उठते. हे माझ्या घरात रहिवास नाही, असे आई पुस्तकांना बजावते. इथपर्यंत आल्यावर मला बहिणीचा आवाज ऐकू आला.

दुसऱ्या कादंबरीत खरा धक्का आहे. कॅल मॉर्गनला सांगतो की इतकी ताकद शिकून येत नाही, ती रक्तातून येते. म्हणजे तुझे आईवडील चेटूक जाणणारे असले पाहिजेत. चर्चला जाणाऱ्या आईवडिलांना ती तसे विचारते आणि शोध घेता घेता तिला कळते की आपण दत्तक आहोत. जन्मदात्री मेव्ह रिओर्डन ही आयर्लंडची, बेलविकेट नावाच्या चेटक्यांच्या मंडळातली. ते सारे मंडळ एका अदृश्य संकटात नष्ट झाले. मेव्ह पळून अमेरिकेत आली आणि मॉर्गन तान्ही असतानाच एका कोठारात लावलेल्या आगीत मेली.

गोष्ट मुख्यतः मॉर्गन स्वतः सांगते, आणि प्रत्येक प्रकरणाच्या आधी दुसऱ्या कुणाच्या रोजनिशीतला उतारा येतो. मॉर्गनला माहीत नसते ते वाचकाला आधी कळते. कुणीतरी तिच्यावर नजर ठेवून आहे, तिची वाट पाहत आहे, हे वाचक जाणतो आणि ती मात्र प्रेमात बुडालेली असते. मालेतले रहस्य याच युक्तीवर चालते आणि ही युक्ती चांगली चालते. कॅल तिला म्हणतो, तू वेगळी आहेस, तू माझ्यासाठीच जन्मलीस. पुढे कळते की त्याची आई सेलीन बेलटॉवर हिने मेव्हची साधने आणि मॉर्गनची शक्ती मिळवण्यासाठी मुलाला तिच्या मागे लावले आहे. चौथ्या कादंबरीत तोच कॅल तिला घराच्या गुप्त खोलीत कोंडून आग लावतो. ब्री आणि रॉबी मॉर्गनचीच जुनी मोटार भिंतीवर घालून तिला बाहेर काढतात. मंत्र कामी येत नाहीत, मैत्री कामी येते. माझ्या बहिणीने भ्यायचेच असेल तर पुस्तकातल्या जडीबुटीला भिऊ नये. 'घरच्यांना काही सांगू नकोस, मीच तुला ओळखतो' असे सांगणाऱ्या मुलाला भ्यावे. अशा मुलाला ओळखायला ही कादंबरी शिकवते, आणि व्याख्यान न देता शिकवते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या मालेत चेटक्यांची सात कुळे आहेत. रोवनवाँड ज्ञान जमवणारे, ब्राइटनडेल औषधोपचार करणारे, विंडनकेल मंत्र रचणारे, बर्नहाइड धातू आणि रत्ने जाणणारे, लीपवॉन खोडकर, विक्रॉथ लढवय्ये. आणि सातवे कुळ वुडबेन. हे दुष्ट, सत्तेसाठी काहीही करणारे, असा सर्वत्र समज. कुठे काही काळेबेरे घडले की पहिला संशय वुडबेनवर. मॉर्गनला आईची वही सापडते आणि आपण वुडबेन आहोत हे तिला कळते. पुढे तर आणखी भयंकर सत्य समोर येते. आईला जाळून मारणारा कियरन, वुडबेनांतल्या सर्वांत क्रूर मंडळाचा म्होरक्या, हाच तिचा जन्मदाता बाप आहे.

हे कळल्यावर मॉर्गन काय करते? स्वतःवरच संशय घेऊ लागते. प्रत्येक रागात, प्रत्येक इच्छेत तिला बाप दिसतो. हंटर नायल या भल्या मुलावर तिचे प्रेम असते. माझ्या रक्ताचे विष त्याला बाधेल म्हणून ती त्याला दूर करते. ही पाने मी दोनदा वाचली. बाहेरच्यांनी घेतलेला संशय माणूस कसा हळूहळू स्वतःच्या आत नेऊन ठेवतो, याचे इतके खरे वर्णन किशोरवयीनांसाठीच्या पुस्तकात मी अपेक्षिले नव्हते. ही माला सुरू झाली २००१ च्या आरंभी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये न्यू यॉर्कचे दोन मनोरे कोसळले आणि जगभरच्या मुसलमानांकडे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले. लेखिकेच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही; कुळांची कल्पना तिने वेगळ्याच हेतूने रचली असणार. पण वाचक आपले आयुष्य बाहेर ठेवून पुस्तकात शिरत नसतो. भाड्याने घर बघायला गेल्यावर आडनाव विचारून मग गप्प होणारा घरमालक ज्याने पाहिला आहे, त्याला वुडबेन या शब्दाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या कलंकाला कादंबरी उत्तरही देते. मेव्हचे बेलविकेट मंडळ वुडबेनच होते, पण त्यांनी पिढ्यांपूर्वी काळी विद्या सोडली होती. चेटक्यांच्या परिषदेसाठी गुन्ह्यांचा तपास करणारा हंटर, ज्याने वुडबेनांचा माग काढायचा, तो स्वतःच वडिलांकडून निम्मा वुडबेन आहे. आणि सर्वांत चांगला प्रसंग डेव्हिड रेडस्टोनचा. हा पुस्तके आणि जडीबुटी विकणारा सज्जन दुकानदार, सगळ्यांचा विश्वासाचा. दुकान वाचवण्यासाठी काळ्या विद्येचा आधार घेतो तो हाच. तो वुडबेन नाही, बर्नहाइड आहे. शिक्षा म्हणून त्याची शक्ती काढून घेतली जाते. दुष्टपणा कुळात नसतो, मोहाच्या घडीला माणूस काय निवडतो त्यात असतो, हे लेखिका या एका पात्रातून नीट दाखवते.

इथपर्यंत सारे ठीक. पण याच ठिकाणी माझी हरकत सुरू होते.

दोष रक्तातून येत नाही असे सांगणारी ही माला, शक्ती मात्र रक्तातूनच येते असे शेवटपर्यंत मानते. मॉर्गन थोर आहे ती अभ्यासाने नव्हे, साधनेनेही नव्हे. ती जन्माने चेटकीण आहे, आणि तीही फार बलवान घराण्यातली. ब्री, रॉबी आणि रिंगणातली बहुतेक मुलेमुली विक्का धर्म मनापासून पाळतात, सण करतात, वाचतात. त्यांच्या हातून काय होते? मेणबत्ती लावणे आणि वर्तुळ आखणे. खरे काम जन्मजातांचेच. त्यांचे मित्र म्हणून बाजूला उभे राहणे, एवढेच बाकीच्यांच्या वाट्याला येते. ज्या ब्रीने भिंत फोडून मॉर्गनचा जीव वाचवला, ती मालेच्या हिशेबात कायम खालच्या पायरीवर राहते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला या रचनेचे नाव सांगायला नको. ही जात आहे. एका जातीवरचा कलंक पुसला, पण उतरंड जागच्या जागी राहिली.

मौज म्हणजे खऱ्या विक्का पंथात ही उतरंड नाही. हा पंथ फार जुना असल्याचे मानणारे आहेत, पण आज जो पाळला जातो तो विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये आकाराला आला. तिथला चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर या निवृत्त अधिकाऱ्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले. गार्डनरच्या परंपरेत प्रवेश मिळतो तो दीक्षेने. पुढे एकट्याने पाळणारेही पुष्कळ झाले. अमेरिकेत १९८६ मध्ये एका अपील न्यायालयाने विक्का हा धर्म असल्याचे मानले आणि २००७ मध्ये सैनिकांच्या थडग्यांवर त्यांचे पंचकोनी ताऱ्याचे चिन्ह कोरायला सरकारने परवानगी दिली. कुणालाही स्वीकारता येतो असा हा धर्म. त्यात सात कुळे आणि जन्मजात चेटूक लेखिकेने घातले. कथेला त्याचा फायदा झाला, कारण रहस्य रंगवायला हरवलेले घराणे आणि गुप्त बाप फार उपयोगी पडतात. पण त्यासाठी विचाराच्या पातळीवर किंमत मोजावी लागली.

दोष वारशाने येत नसेल तर थोरपणही वारशाने येत नाही. एक नाणे घेतले की त्याच्या दोन्ही बाजू घ्याव्या लागतात. वुडबेन असणे हा गुन्हा नाही असे म्हणायचे आणि मॉर्गनच्या थोर घराण्याचे कौतुकही करायचे, हे जमत नाही. घराण्याचे कौतुक चालू राहिले की कुठल्या ना कुठल्या घराण्याच्या वाट्याला कलंक येणारच.

आपल्या परंपरेत जादू कशी येते हे या निमित्ताने आठवावे. सूरह बकरामध्ये बाबिलच्या हारूत-मारूतचा उल्लेख आहे. तिथे सिहर ही शिकण्या-शिकवण्याची गोष्ट आहे, आणि शिकणाऱ्याला आधी सावध केले जाते. शिकतो त्याची जबाबदारी त्याच्यावर. हजरत मूसांच्या समोर फिरऔनचे जादूगार उभे राहिले. सत्य दिसताच ते तिथल्या तिथे इमान घेऊन आले आणि त्यासाठी फिरऔनच्या धमकीलाही भ्याले नाहीत. त्यांचे खानदान कोणते हे कुणी विचारले नाही. हजरत इब्राहीमचे वडील मूर्तिपूजक होते आणि हजरत नूहचा मुलगा बुडाला. एका ठिकाणी रक्ताने खाली ओढले नाही, दुसऱ्या ठिकाणी रक्ताने वर काढले नाही. नाण्याच्या दोन्ही बाजू एकाच वेळी नाकारणारी इतकी स्वच्छ शिकवण आपल्यापाशी असताना आपण मात्र अशराफ-अजलाफ करत बसतो. रिश्ता आला की मुलगा काय करतो याआधी खानदान विचारतो. बिरादरीबाहेर लग्न ठरले की कुजबुज होते. तेव्हा केट टियर्ननला नावे ठेवण्याआधी आपल्या बैठकीच्या खोलीत काय चालते तेही पाहायला हवे.

कथावाङ्मयातही आपल्याकडे जादूचे वावडे कधी नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे खंड निघू लागले आणि उर्दू वाचणाऱ्या घरांत ते भक्तिभावाने नव्हे, पण भुकेल्यासारखे वाचले गेले. 'हातिमताई' आणि 'गुलबकावली' तर मराठीतही आल्या. होशरुबात जादूगारांचा बादशाह अफरासियाब आहे आणि त्याच्या विरोधात उभ्या राहणाऱ्या महरुख आणि बहार या जादूगारणीच आहेत. बहार ही तर खुद्द मलिका हैरतची बहीण. त्या बाजू बदलतात आणि नव्या बाजूने लढतात. दास्तानीतही शहजाद्यांच्या वंशाचा तोरा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जादूगारणीची किंमत ठरते ती ती कुणाच्या बाजूने उभी राहिली यावर. आमच्या आज्या-पणज्यांनी या गोष्टी ऐकल्या आणि त्यांच्या इमानाला धक्का लागल्याचे मी ऐकलेले नाही. गोष्टीतली जादू आणि बाबा-बुवाच्या ताविजातली जादू यांतला फरक त्यांना कळत होता. अंगावरचा आजार डॉक्टरला न दाखवता फुंकर मारून घेणारी माणसे कादंबऱ्या वाचून तशी झालेली नसतात.

आता भाचीच्या बोलण्याकडे वळतो. जादू कमी, घर जास्त, असे ती म्हणाली ते खरे आहे. या मालेतले सर्वांत सच्चे काही असेल तर ते रोलँड्स कुटुंब. त्यांनी मॉर्गनपासून सोळा वर्षे सत्य लपवले. त्यामागे तिला गमावण्याची भीती होती. सत्य कळल्यावर मॉर्गन कडवट होते. धाकटी मेरी के. ही त्यांची पोटची मुलगी, मग मी कोण, असे तिला वाटू लागते. पण माला जसजशी पुढे जाते तसे एक दिसत राहते. मेव्ह आणि कियरन यांनी मॉर्गनला शक्ती दिली असेल. ती शक्ती कशासाठी वापरायची नाही, हे मात्र तिला रविवारी चर्चला नेणाऱ्या आणि शाळेतल्या गुणांवरून रागावणाऱ्या आईबापांनी शिकवले. सहाव्या कादंबरीत सेलीन मेरी के.ला पळवते तेव्हा मॉर्गन जीव धोक्यात घालते ती जिच्याशी रक्ताचे नाते नाही त्या बहिणीसाठी. मालेचे खरे उत्तर इथे आहे, पण लेखिकेला त्यापेक्षा कुळांच्या भांडणात जास्त रस आहे. हे मी मालेतले सर्वांत मोठे अपयश मानतो.

दत्तकाबद्दल इस्लामचे म्हणणे बहुतेकांना फक्त वारसाहक्कापुरते माहीत असते. सूरह अहज़ाबमधला आदेश असा, की सांभाळलेल्या मुलाला त्याच्या जन्मदात्याच्या नावाने ओळखा. हजरत ज़ैद यांना लोक 'ज़ैद बिन मुहम्मद' म्हणत. या आदेशानंतर ते पुन्हा 'ज़ैद बिन हारिसा' झाले. नाव बदलले म्हणून माया आटली का? ज़ैद यांचा मुलगा उसामा पैगंबरांच्या अंगाखांद्यावर वाढला आणि ऐन तारुण्यात फौजेचा सेनापती झाला. मला यात दोन गोष्टी दिसतात. मुलापासून त्याचे मूळ लपवू नका. आणि मूळ वेगळे आहे म्हणून मुलाचे स्थान कमी करू नका. रोलँड्स दांपत्याने दुसरी गोष्ट पाळली, पहिली पाळली नाही, आणि त्याची किंमत मुलीने मोजली. आपल्याकडे बहिणीचे मूल भावाने मांडीवर घेतले, दिराचे भावजयीने वाढवले, अशी घरे किती तरी आहेत. मूल मोठे झाले, लग्नाचे कागद करायची वेळ आली की मग कुजबुजत सत्य बाहेर येते. या घरांनी मॉर्गनची गोष्ट अवश्य वाचावी.

शेवटच्या कादंबरीत या धाग्याला एक गाठ बसते. काळ वीस वर्षांनी पुढे सरकलेला. मॉर्गन आयर्लंडमध्ये राहते, तिला मॉयरा नावाची मुलगी आहे. ज्याला मॉयरा बाप समजते तो वारला आहे आणि तिचा खरा बाप दुसराच आहे. लपवण्याने जिची कुमारवये करपली, त्या मॉर्गननेच हे मुलीपासून लपवून ठेवलेले असते. मोठी माणसे मुलांना दुखवू नये म्हणून गप्प बसतात आणि मुले नेमकी त्या गप्प बसण्यानेच दुखावतात. शेवट गोड करण्याच्या घाईत लेखिकेने यावर फारसा विचार केलेला नाही. पण तिने ही गाठ मारली याबद्दल तिला श्रेय द्यायला हवे.

एक अडचण भाषेची. ही माला मराठीत आणायची म्हटली तर नायिकेला काय म्हणणार? चेटकीण, डाकीण, हडळ हे आपल्याकडचे शब्द. यांतला एकही शब्द बाईने स्वतःसाठी निवडलेला नाही. सगळे दुसऱ्याने तिच्यावर फेकलेले आहेत. सातपुड्याच्या भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची ऑगस्ट २०१३ मध्ये हत्या झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. करणी केल्याचा आरोप ठेवून माणसाचे जगणे नकोसे करणे हा त्यात गुन्हा आहे. अमेरिकेतही १६९२ साली सेलम गावात चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले गेले. त्या इतिहासानंतर तिथल्या बायकांनी तो शब्द उचलून स्वतःच्या अंगावर घेतला आणि त्याचा डंख काढला. आपल्याकडे हा शब्द अजून दगडासारखाच फेकला जातो. म्हणून मराठी वाचकाने ही माला वाचताना तो दगड कुणाच्या कपाळावर बसतो हे विसरू नये. मॉर्गनला चेटकीण म्हणवून घेण्यात मौज वाटते, कारण तिच्या दारात जमाव येत नाही.

बहिणीला मी फोन केला. म्हटले, पुस्तके परत दिली आहेत. जादूची काळजी करू नकोस. ती पोर जादू शिकायला वाचत नाही, घर म्हणजे काय ते शोधायला वाचते आहे. पण वाचून झाली की तिच्याजवळ बस आणि एकच विचार. ब्रीचे काय झाले? जिला रक्ताने काही मिळाले नाही आणि तरी जिने मैत्रिणीसाठी भिंत फोडली, तिची गोष्ट कुणी लिहिली का?

बहीण थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाईजान, मग ती पुस्तकं इकडंच घेऊन यायला सांगा तिला. मीही बघते."